रकाना अकरावा

कायदा आला फोनवर,
केंद्रप्रमुख पाटणकरांच्या 'तातडीचे' या शब्दाला शेपूट लागून.
बाहेरून आलेल्या कामगारांच्या मुलांची
वेगळी नोंद ठेवायची, दर तिमाहीला.
आली किती, शिकली किती, टिकली किती, गळली किती.
दहा वर्षांत अंतर मिटवायचे आहे, कलम चार.
मिटवणे म्हणजे पुसणे नव्हे, एवढे मला कळते.

खाडीकाठची दोनशिक्षकी शाळा. पट एकतीस,
त्यातली एकोणीस बागांतली, आंबा राखणाऱ्यांची.
कैलाली, अछाम, बाजुरा
दाखवायचे तर नकाशा सोडून
भिंतीच्या पोपड्यावर बोट ठेवावे लागते.

रकाना तिसरा, मातृभाषा. यादी उघडते
मराठी, उर्दू, कन्नड, गुजराती,
अगदी तळाशी इतर.
धनसरा सौदला मी इतर केले.
बिस्नाला इतर, लोकेंद्रला इतर.
लिपी तर आमचीच, डोक्यावर तीच रेघ,
पण त्या रेघेखाली शब्द आपापले राहतात.

फळ्यावर मी लिहिले 'घाम'.
धनसराने खिडकीबाहेर पाहिले :
हो बाई, आज खूप आहे.
तिच्याकडे घाम म्हणजे ऊन.
अकरा वाजले होते, कौले तापली होती,
माझी पाठ भिजली होती.
कोण चुकले?
अध्ययन निष्पत्तीच्या तक्त्यात
मी पेन्सिलने बरोबर केले, फिकट.

तिचा बाप आला, टोपी हातात,
पाटणकर तपासणीला बसलेले तेव्हाच.
बाईजी, पोरीला शिक्षा द्या. चांगली शिक्षा द्या.
पाटणकर दचकले. काय केलान हिनं?
मी सांगितले, साहेब, त्याला शिक्षण म्हणायचंय.
ते हसले.
मग वर्गाकडे पाहिले,
बारा मुलांत एक पुस्तक,
आणि हसू आवरते घेतले.

रकाना सातवा, उशिरा येण्याचे कारण.
आजार, हवामान, कौटुंबिक.
वानर नाही यादीत.
पहाटे टोळी उतरते कलमांवर,
पोरे डबे बडवत धावतात एका बांधापासून दुसऱ्या बांधाला,
मग दप्तर.
वानरांना मी कौटुंबिकमध्ये घातले.

रकाना नववा, गणित. वजाबाकीत लाल.
पण पाच डझनांच्या पेटीतले सात डागी काढले
तर उरले किती, हे ती
पेंढा पसरता पसरता सांगते, मान वर न करता.
आणि कुठल्या फळात साका आहे तेही,
नुसते तळहातावर घेऊन.
मला नाही कळत. मला वरून सगळी धडच दिसतात.

अकरावा : गळती.
आमच्याकडे मोहर गळतो, कौले गळतात,
कोणी तारीख विचारत नाही.
शेवटची पेटी वाशीला गेली की
खोपटाच्या दाराला काथ्या बांधलेला असतो.
टेम्पो, स्टेशन, तीन गाड्या, एक बस,
त्यापुढे दीड दिवस पायी.
पुढील शाळेचा संकेतांक भरा, अकरा अंकी.
मी अकरा शून्ये भरली.
अवैध, म्हणाला संगणक.

म्हणून गुणपत्रक हातानेच लिहून
तिच्या फ्रॉकच्या खिशात कोंबले होते मी, मे महिन्यात.
तिकडच्या मास्तरांना दाखव.

नोव्हेंबरात ती आली, बोटभर उंच,
कागद आठ घड्यांचा, घडीघडीवर फाटलेला.
माझ्या अक्षराखाली एक परके अक्षर :
पढाइ राम्रो छ।
खाली सही, आणि निळा शिक्का
कुठल्याशा पावसात पसरलेला.

तो मी वहीत चिकटवला, अकराव्या रकान्यावरच,
डिंक कमी पडला म्हणून भाताच्या शितांनी.
पाटणकर म्हणतात, बाई, हे अपलोड कसं करणार?

बघू.
साडेदहा झाले. धनसरा अजून आलेली नाही.
वरच्या बागेतून
डबा वाजतो आहे.